मावशींच्या नावाचा डबा

आमच्या केडगावच्या स्वयंपाकघरात चहापावडरीचा एक स्टीलचा डबा आहे. त्याच्यावर एका बाईचं नाव कोरलेलं आहे. ती बाई आमच्या नात्यातली नाही, गोतातली नाही, आडनावसुद्धा आमच्यातलं नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हे कुणाचं? कुणाच्या घरचं भांडं चुकून उचलून आणलंय की काय, असा त्यांचा सूर होता. मी म्हटलं, नाही, माझ्या पैशानं घेतलाय. मग नाव दुसरीचं कसं? तेव्हा मला त्यांना सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून हे सांगणं चालूच आहे.

मी अर्थशास्त्रात एम. ए. केलं आणि नगरला वडिलांच्या घरी वर्षभर नुसती बसून होते. बसून म्हणजे स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पुढ्यात घेऊन, आईशी भांडत. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेला आमच्या जिल्ह्यात फिरून माहिती गोळा करणाऱ्या मुली हव्या होत्या. विषय होता तंबाखू. माणूस ती कशानं सोडतो? महाग झाली म्हणून, डॉक्टरांनी भीती घातली म्हणून, की बक्षीस लावलं म्हणून? आमच्या मॅडम पुण्यात बसायच्या, फार हुशार आणि फार मोजकं बोलणाऱ्या. माझ्या वाट्याला राहुरी तालुक्यातल्या बायका आल्या, आणि बायकांची तंबाखू म्हणजे मिसरी.

आमच्या घरी मिसरीचं नाव काढलं की आई नाक मुरडायची. वडील मात्र जेवण झालं की अडकित्ता घेऊन बसायचे, पानात काळ्या तंबाखूची चिमूट टाकायचे, आणि त्याला घरात कुणी व्यसन म्हणत नसे. तो 'विडा' होता. मीही तशीच शहाणी. खेड्यातल्या बायकांना सुधारायला निघाले आहे, अशा तोऱ्यात मी तारकपूरच्या स्टँडवरून एस. टी.त बसले. आज आठवलं की माझंच मला हसू येतं.

देवळाली प्रवराच्या बाहेर, कॅनॉलच्या कडेला एक वस्ती होती. दोन्ही अंगांनी ऊस, मधून कच्चा रस्ता. तिथं एका घराची मागची खोली मला सहा महिन्यांसाठी मिळाली. घर होतं मावशींचं. साठीच्या पुढच्या, उंच, काटक, नऊवारी नेसणाऱ्या. घरात त्यांचे मालक, ज्यांना मी काका म्हणायचे, एक मुलगा आणि वर्षापूर्वीच लग्न होऊन आलेली सून. शेजारच्या घरात मावशींची धाकटी जाऊ. एवढीच माणसं. पहिल्या दिवशी मावशींनी माझी बॅग, माझा टॅब आणि माझी पँट असं क्रमानं पाहिलं आणि विचारलं, जेवनात तिखट चालतंय का. चालतं म्हटलं. दोन दिवसांत त्यांनी ते खोटं ठरवलं आणि माझ्यासाठी वेगळी भाजी काढायला लागल्या.

मिसरी भाजतात तो प्रकार मी जन्मात पहिल्यांदा तिथं पाहिला. बाजारातून आणलेली तंबाखू तापल्या तव्यावर टाकायची आणि काळी होईस्तोवर भाजायची. असा ठसका उठायचा की काका शिव्या देत रस्त्यावर जायचे आणि मी खोलीचं दार लावून घ्यायचे. मग ती कुटून, चाळून छोट्या डबीत भरायची. सकाळी उठलं की बोटावर घ्यायची आणि दात, हिरड्या घासत बसायचं. दिवसातून चार वेळा, कुणी सहा वेळा.

घराच्या मागं कडुलिंबाखाली कपडे धुवायचा एक मोठा सपाट दगड होता. धारा काढून झाल्या की मावशी, सून आणि जाऊ तिथं येऊन बसायच्या. सून खरं तर मिसरी लावायची नाही, ती सासूचं पाणी घेऊन यायची आणि तिथंच रेंगाळायची. मीही ब्रश घेऊन जायला लागले, आधी निरीक्षण म्हणून, मग निव्वळ आवडायला लागलं म्हणून. थंडीत ऊन तिरपं यायचं, उसाच्या पाचटाचा वास असायचा, लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. मावशी तोंडात बोट घालून अर्धवट शब्दांत असं काही बोलायच्या की आम्ही हसून हसून ठसकायचो. आयुष्यात इतकी छान सकाळ मला पुन्हा मिळाली नाही. आता माझ्या हातात चांगला मगभर चहा असतो, गॅलरीत खुर्ची असते, पण ती मजा नाही म्हणजे नाही.

तिथंच हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. काका मागच्या दारात यायचे, काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, मावशींचं बोट तोंडात दिसलं की तसेच मागं वळायचे. मुलगाही तसाच. मिसरी लावणाऱ्या बाईला काम सांगायचं नाही, असा कुणी कधी नियम केला नव्हता, पण तो अख्ख्या वस्तीत पाळला जायचा. तिचा हात गुंतलेला, तोंड भरलेलं. थुंकून, चूळ भरून होईपर्यंत ती बाई आपली आपण असायची. बाकी दिवसभर बसलेली बाई दिसली की कुणीतरी तिच्या पुढ्यात निवडायला काहीतरी आणून ठेवायचंच.

माझ्या फॉर्मात याला रकाना नव्हता. फॉर्मात होतं, तंबाखूची पुडी दीडपट महाग झाली तर आपण वापर कमी कराल का? जाऊ म्हणाली, माल महाग झाला तर नवऱ्याच्या चंचीतून काढीन, त्याला कळतंय कुठं. हे उत्तर कुठं भरायचं? दुप्पट झाली तर, असा पुढचा प्रश्न होता. ती म्हणाली, मग दोनदा काढीन. मी 'सांगता येत नाही' वर टिचकी मारली.

बक्षिसाचं काय झालं तेही ऐका. संस्थेनं आधी ठरवलं होतं की मिसरी सोडणाऱ्या बाईला मोबाईलचं रिचार्ज द्यायचं. पण वस्तीवर बहुतेक घरांत मोबाईल नवऱ्याच्या खिशात. बाईनं मिसरी सोडायची, डोकं धरून बसायचं आणि रिचार्ज नवऱ्याला! बायका माझ्या तोंडावर हसल्या. मी चिडले, पण चूक आमचीच होती.

मग मला मावशींच्या घरातली मांडणी आठवली. एकावर एक पितळी आणि स्टीलची भांडी, प्रत्येकावर नाव कोरलेलं. एका पातेल्यावर सासऱ्यांचं, हंड्यावर कुणा मामांकडून भेट, चार डब्यांवर काकांचं, ताटांवर मुलाचं, अगदी नव्या तांब्यावर नातू होण्याआधीच ठरवून टाकलेलं नातवाचं. मी सगळी भांडी फिरवून फिरवून वाचली आणि विचारलं, मावशी, तुमचं कुठाय? त्या म्हणाल्या, "माझं नाव रेशन कार्डावर हाय आन् तुझ्या फॉर्मवर." आणि भाकरी थापायला बसल्या.

मी मॅडमना फोन करून सांगितलं, रिचार्ज सोडा, बाईच्या स्वतःच्या नावाचा डबा द्या. माहेरचं नाही, नवऱ्याचं नाही, फक्त तिचं नाव. मॅडम म्हणाल्या, करून पाहू. नियम ठरला. बारा गुरुवार मी लाळ तपासायची, पट्टीवर रेघ स्वच्छ आली, म्हणजे लाळेत तंबाखू नाही, तर पुढं. मध्ये एकदा चुकली की बाद. पट्टी घ्यायच्या आधीच बाईनं स्वतः कबूल केलं तर पट्टी वाया घालवायची नाही, टॅबवर तशी खूण करायची आणि पुढं पाठवायचं. एकदा पाठवलेलं बदलता येत नव्हतं.

मावशींनी सही केली. जाऊ म्हणाली, मला डबे लई हायेत, आणि बाजूला झाली. मी मावशींना विचारलं, जमेल का? चाळीस वर्षांची सवय होती. त्या म्हणाल्या, डबा कुठं ठिवायचा ती जागा मी बघून ठिवलीय. मांडणीवर मधल्या फळीवर, दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशी ती जागा होती. त्यांनी तिथला काकांचा डबा उचलून खाली ठेवून दिला होता.

पहिले तीन आठवडे त्यांचे हाल झाले. पोट साफ होईना, डोकं ठणकायचं, कुणी काही बोललं की अंगावर धावून जायच्या. एकदा मलाच म्हणाल्या, तुझा डबा चुलीत घाल. पण गुरुवारी सकाळी तोंड धुवून माझ्यापुढं येऊन बसायच्या आणि लाळ द्यायच्या. चौथा, पाचवा, सहावा. रेघ स्वच्छ. मी खोलीत जाऊन एकटीच टाळ्या वाजवायचे. त्यांनी डबा मिळवावा हे मला इतकं वाटायला लागलं होतं, की परीक्षा त्यांची होती आणि झोप माझी उडाली होती.

फक्त लिंबाखालची बैठक मोडली. मावशी पहिले काही दिवस चहाचा कप घेऊन दगडावर बसल्या, तर काका दारातून म्हणाले, बसलीच हायेस तर लसूण सोल. दुसऱ्या दिवशी कांदे. मग त्या बसायच्याच थांबल्या. सून तर कशाच्या जोरावर बसणार? जाऊ एकटी येऊन दोन मिनिटांत जायला लागली. मी मूर्ख, माझ्या वहीत लिहिलं, 'आजूबाजूच्या बायकांमध्येही वापर कमी होताना दिसतो.'

दहावा गुरुवार झाला आणि मला ताप आला. वडील येऊन मला नगरला घेऊन गेले. आठवडाभर मी घरी होते. अकराव्या गुरुवारी बरं वाटत नसतानाही पहाटेची एस. टी. धरली, कारण मावशींच्या शेवटच्या दोन पट्ट्या राहिल्या होत्या. रिकाम्या रस्त्यावरून बॅग सांभाळत, धापा टाकत मी घराला वळसा घालून थेट मागं गेले.

लिंबाखाली बैठक भरली होती. मावशी, जाऊ आणि सून. तिघींची बोटं तोंडात, ओठ काळे, दगडावर डबी उघडी.

माझं डोकंच फिरलं. एरवीही मला राग पटकन येतो, त्यात अंगात कणकण होती. मी तिथंच उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. दहा आठवडे मातीत घातलेत, मी मॅडमपुढं तुमच्या नावानं छाती ठोकत होते, आणि वर सुनेलाही लावलीत, लाज नाही वाटत? मावशींनी तोंडातलं बोट काढलं आणि काळा हात वर केला. तोंड भरलेलं, बोलता येईना. दारात काका उभे होते. मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात तसाच वर ठेवला. मला वाटलं, झालं, कबूल करताहेत. मी बॅगेतून टॅब काढला, 'सहभागीने स्वतः कबूल केले' यावर खूण केली आणि त्यांच्यासमोर पाठवून दिलं. पट्टी पाकिटातच राहिली.

नंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट मात्र वाढून ठेवत, कमी तिखटाची भाजी वेगळी काढून. मीही बोलले नाही. फसवणूक माझी झाली होती ना!

रविवारी सकाळी माझी पेस्ट संपली. बॅग उपसली, मिळेना. सून हंडा घेऊन चालली होती, तिनं कमरेची डबी काढून माझ्यापुढं धरली. मी भडकले, मला देतेस मिसरी? ती आधी घाबरली, मग दारात कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "घ्या की ताई, कोळसाच हाय. बाभळीचा. आत्यांनी मीठ घालून कुटलाय."

मी डबीला नाक लावलं. तंबाखूचा वास नव्हता. बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट माती लागली, बस.

मग सगळं तिच्याकडून कळलं. बैठक मोडल्यावर हिचा जीव घुसमटायला लागला होता. नवीन लग्न, दिवसभर राबणं, बोलायला कुणी नाही. मी नगरला होते त्या आठवड्यात हिनं मावशींच्या जावेकडं चिमूटभर मिसरी मागितली. लावली की निदान बसता तरी येईल. मावशींना ते कळलं तेव्हा त्यांनी हिच्या हातून डबी काढून घेतली, बाभळीची लाकडं जाळून कोळसा केला, कुटला आणि तिघींच्या डब्या भरल्या. जावेचीसुद्धा! जाऊ आधी हसली, मग तिनंही चालवून घेतलं. काका दारात यायचे, काळी तोंडं बघून मागं फिरायचे. मी सुनेला विचारलं, मला का नाही सांगितलं गं? ती खाली बघून म्हणाली, तुमी सगळं चहाच्या वक्ताला मामांजींपुढं बोलता. त्यांना कळलं आसतं तर ह्यो बी बसायचा टाइम गेला आसता.

खरं होतं. मी बडबडी. दिवसभर काय पाहिलं ते रोज संध्याकाळी काकांपुढं मोठ्यानं सांगायची माझी सवय. गुरुवारी सकाळी काका दारात होते म्हणूनच मावशी हात वर करून थांब म्हणत होत्या.

मी धावत मावशींकडं गेले. पट्टी काढली. त्यांनी लाळ दिली. रेघ स्वच्छ. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, रडू नको, फोन लाव तुझ्या मॅडमला.

मी लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, त्यांनी स्वतः कबूल केलं अशी खूण तू केलीस ना? मी हो म्हटलं. आणि पट्टी त्या दिवशीची नाही, तीन दिवसांनंतरची आहे? हो. त्या म्हणाल्या, बाहेर जाऊन आलेल्या मुलींना नंतर जे वाटतं त्याप्रमाणं मी नोंदी बदलायला लागले, तर कुठल्या नोंदीवर विश्वास ठेवू? शेरा लिही, मी तो जोडून ठेवीन. डबा नियमाप्रमाणंच. मी त्यांच्यावर खूप ओरडले. नोकरी गेली तरी चालेल इतकं बोलले. त्यांनी फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता.

बारावा गुरुवार झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात डबे वाटले. टेबलावर ओळीनं मांडलेले, चकचकीत, एकेकावर एकेक नाव. बायका आपापलं नाव बोटानं चाचपून बघत होत्या. एका म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिनं तीन जणींकडून वाचून घेतलं. मावशी आल्या होत्या. धुतलेलं लुगडं नेसून, मागच्या ओळीत बसून, प्रत्येक बाईसाठी टाळ्या वाजवत होत्या. मला त्यांच्याकडं बघवेना. मी खुर्च्या इकडून तिकडं हलवत राहिले.

त्याच शनिवारी मी नगरला आले, कापड बाजाराजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले, तसाच डबा घेतला आणि नाव कोरून घेतलं. दुकानदारानं विचारलं, आईचं का? मी नुसती मान हलवली. सोमवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळून देवळालीला नेला. मावशी लिंबाखालीच होत्या, एकट्या. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी कागद सोडला. नावावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांना वाचता येत होतं, चौथीपर्यंत शाळा झाली होती. मग डबा परत कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तू देतीस," त्या म्हणाल्या. "मला मिळवायचा हुता."

मी म्हटलं, तुम्ही मिळवलाच आहे, मावशी, चूक माझी आहे, घ्या ना. पाया पडते म्हटलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोटाचा काळा डाग माझ्या कपाळाला लागला असणार, कारण नंतर सून बघून हसली.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाल्या. "तुझ्या यंत्रात काय लिवलंय ते आता निघत न्हाई. पर डब्यावरलं नाव बघून कोनी ना कोनी इचारंल, ही बाई कोन. तवा सांग."

दोन दिवसांनी माझं काम संपलं. मावशी एस. टी.पर्यंत आल्या. त्यांनी मला लिंबाची काडी, गुळाची ढेप आणि एक छोटी डबी दिली. डबीत काय होतं ते सांगायला नको. मांडणीवरच्या मधल्या फळीवरची ती जागा मी निघाले तेव्हाही मोकळीच होती. काकांचा डबा त्यांनी परत वर ठेवला नव्हता.

अहवाल छापून आला. त्यात आमच्या वस्तीचा एक आकडा आहे आणि त्या आकड्यात मावशी पुन्हा सुरू करणाऱ्यांमध्ये आहेत. खाली बारीक अक्षरांत माझा शेरा आहे की नाही, मी पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही.

सून अधूनमधून फोन करते. काका गेले. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही की बायका कोळसा लावून बसतात. आता मावशींना काम सांगणारं कुणी नाही, तरी सकाळी धारा झाल्या की त्या लिंबाखाली जातात, तोंडात बोट घालतात, आणि सून तिच्या लेकीला घेऊन शेजारी बसते. मिसरी त्यांनी परत कधी लावली नाही. फोन लावला की आधी विचारतात, डबा हाय ना? हाय म्हटलं की बरं वाटतं त्यांना.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेली बाई साखर मागायला आली. मी चहा टाकला. तिनं डबा उचलला, नाव वाचलं आणि विचारलं, ह्या तुमच्या आई का?

मी म्हटलं, नाही. यांनी मिसरी सोडली होती, आणि मी लिहिलं होतं, सोडली नाही.